नवी हार्ड डिस्क टाकण्याआधी मदरबोर्डावरचा सेल बघा: जुन्या डेस्कटॉपचा पावसाळ्यापासूनचा अनुभव

खरीप पीकविम्याचे फॉर्म भरायची मुदत तोंडावर, आणि माझ्या जुन्या कोअर टू ड्युओ डेस्कटॉपच्या काळ्या पडद्यावर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे विंडोज असलेली डिस्कच सापडत नाही. परभणीतल्या एका दुकानदारानं कॅबिनेट न उघडताच सांगून टाकलं, "हार्ड डिस्क गेली, नवी टाका." त्याचा राग अजून जात नाही. सुरू होताना तारीख २००८ सालची दिसत होती. हार्ड डिस्क बिघडली म्हणून तारीख मागं जात नसते!

मदरबोर्डावरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सीआर २०३२ हा नाण्यासारखा गोल सेल मल्टीमीटरवर मोजला. असायला हवेत ३ व्होल्ट, भरले जेमतेम २. सेल उतरला की बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, आपली तारीख आणि सेटिंग विसरतो. माझ्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. बूटच्या क्रमात (विंडोज आधी कुठल्या डिस्कवर शोधायचं त्या यादीत) विंडोज नसलेली वर गेली, एवढाच घोळ. नवा सेल बसवला, क्रम लावून सेव्ह केलं, मशीन चालू. बायोसमधला साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेलाय का तेही बघा. तो बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं आणि बिल पुन्हा डिस्कच्या नावावर फाडलं जातं.

सेल उतरायला आपल्याकडची लाईट आणि आपली सवय दोन्ही कारणीभूत. प्लगमध्ये वीज असेपर्यंत मशीन बंद असलं तरी आतलं घड्याळ एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय विजेवर चालतं. लाईट गेली किंवा भिंतीवरचं बटण बंद केलं, की सगळा भार सेलवर.

दिवाळीपर्यंत मी भेटेल त्याला सेलच बदलायला सांगत होतो. मग ‘अ डिस्क रीड एरर अकर्ड’ (डिस्क वाचता येत नाही) सुरू झालं. तारीख बरोबर. डिस्कला जोडणारी साटा केबल बदलली, पोर्ट बदललं, फरक शून्य. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं ‘कॉशन’, पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा) आकडा वाढता. आता मात्र डिस्कच चालली होती. तरी त्या दुकानदाराला मी बरोबर म्हणणार नाही, त्यानं तपासलंच कुठं होतं? आणि अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवायची घाई करू नका, आधी डेटा काढून घ्या. सगळे सेक्टर वाचायला लावले तर ती मध्येच बसू शकते.

२४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेऊन जुन्या डिस्कचं जसंच्या तसं क्लोन केलं. बोर्ड जुन्या साटा-२चा, वेगाला सेकंदाला ३ गिगाबिटची मर्यादा, तरी पैसे वसूल. पूर्वी विंडोज उघडेपर्यंत फॉर्म भरायला आलेली माणसं बाहेर चकरा मारायची, आता खुर्चीवर टेकेपर्यंत फॉर्म समोर असतो.

भिंतीवरचं बटण आता चालूच ठेवतो. फक्त मृगाच्या आगेमागे विजा कडाडायला लागल्या, की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही उपसून ठेवतो.