डब्यातले अन्न आणि हवामान : शाळकरी मुलांच्या कार्यशाळेविषयी अभिप्राय

अन्नाच्या निवडीचा हवामानावर काय परिणाम होतो, हे आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवणाऱ्या कोल्हापुरातल्या एका कार्यशाळेला मुलीबरोबर पालक म्हणून मीही बसले. २०१९ आणि २०२१ चे महापूर या मुलांनी पाहिले आहेत. बदलत्या हवामानाविषयीचे प्रश्न त्यांच्या मनात आधीपासूनच आहेत. त्या प्रश्नांचा धागा रोजच्या जेवणापर्यंत आणून जोडण्याचे काम ही कार्यशाळा बऱ्याच अंशी चोख करते.

सर्वांत उत्तम भाग मधल्या सुट्टीनंतरचा. डब्यांत उरलेले सगळे एका पातेल्यात जमा करून मुलांनीच ते वजनकाट्यावर ठेवले : अर्ध्या चपात्या, घट्ट झालेला भात, हातही न लावलेली दोडक्याची भाजी. हेच अन्न कचऱ्याच्या ढिगाखाली दडपले गेले, की हवेअभावी कुजताना त्यातून मिथेन निघतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, हे समोर पातेले असताना सांगितल्यामुळे मुलांना चटकन उमगले. जगभरात २०२२ साली सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा घरांचा होता, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा त्यानंतर आला, तेव्हा वर्ग अगदी शांत झाला होता.

मटणाचा विषय मार्गदर्शकांनी फार समजुतीने हाताळला. तांबडा-पांढरा रस्सा हा इथे घराघरांतल्या अभिमानाचा विषय आहे आणि मुलांना अपराधी वाटायला लावून काहीच साधत नाही. बोकडासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात चारा आंबतो व मिथेन ढेकरेवाटे बाहेर पडतो, कोंबडी रवंथ करत नसल्याने तिचा हवामानावरचा भार बराच कमी, आणि डाळी-कडधान्यांचा त्याहूनही कमी, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात व ज्याच्या निर्मितीत आणि वापरात उष्णता धरणारे वायू निघतात तो युरिया कमी लागतो, एवढेच त्यांनी सांगितले. रविवारच्या बेतात काय करायचे, हे मुलांवर सोपवले. भातशेतीतल्या साचलेल्या पाण्यामुळेही मिथेन निघतो, त्याचा उल्लेख मात्र ओझरताच झाला.

दोन गोष्टी खटकल्या. वाटलेला तक्ता परदेशी ताटाचा होता. त्यात चीज आणि बदामाचे दूध होते, पण ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील किंवा मटकीची उसळ नव्हती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेल्यावर आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकत असताना ही उणीव राहायला नको होती.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. करवीर तालुक्यातल्या एका मुलाने विचारले, “मग आम्ही म्हशी विकायच्या का, सर?” ज्या शहरात संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेले दूध पिण्याचा रिवाज आहे आणि आसपासच्या कितीतरी घरांचा महिना दुधाच्या बिलावर चालतो, तिथे हा प्रश्न येणारच होता, तरी “तसे नाही” एवढे म्हणून विषय पुढे नेला गेला. संतुलित पशुखाद्याने जनावरामागे दूध वाढले की लिटरमागचा मिथेन घटतो, आणि शेण उघड्या खड्ड्यात साठवण्याऐवजी गोबरगॅसच्या टाकीत गेले तर त्यातला मिथेन चुलीत जळून उपयोगी पडतो, हे त्या मुलाला घरी जाऊन वडिलांना सांगता आले असते.

शुल्क माफक आहे आणि वेळ पाळली जाते. रसायनशास्त्राची थोडी ओळख झालेली असल्याने नववी-दहावीच्या मुलांना लाभ अधिक होईल. त्यांना अवश्य पाठवावे. आयोजकांनी पुढच्या तुकडीच्या आधी तक्ता इथल्या पदार्थांचा करावा आणि दुधाच्या सत्रासाठी एखाद्या पशुवैद्यकाला बोलवावे, अशी विनंती मी त्यांना लेखी दिली आहे.