डब्यातील अ‍ॅकी आणि खारवलेला मासा: घरी करण्याजोगी जमैकन न्याहारी

लंडनमधील ब्रिक्स्टनच्या बाजारात कॅरिबियन किराणा विकणारी दुकाने आहेत. तेथून अ‍ॅकी या फळाच्या गराचा ५४० ग्रॅमचा डबा आणि खारवलेल्या माशाचे पाकीट आणले की जमैकाची पारंपरिक न्याहारी घरी सहज करता येते, कारण कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, मिरी आणि मैदा हे बाकीचे सामान घरात असतेच. डबा स्वस्त नाही आणि मिठाचे पाणी निथळल्यावर गर जेमतेम निम्मा उरतो, तरीही मला तो पैसे वसूल करणारा वाटतो. अ‍ॅकीच्या कच्च्या फळात हायपोग्लायसिन हे विषारी द्रव्य असते, म्हणून फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय तोडत नाहीत. याच कारणाने अमेरिकेने १९७३ साली त्याची आयात थांबवली होती आणि २००० साली निवडक कारखान्यांच्या डब्यांना परवानगी दिली. डब्याची किंमत या काळजीचीही असते.

माशाचे पाकीट घेताना मात्र वेष्टन नीट वाचावे, कारण ‘सॉल्टफिश’ या नावाखाली कॉड माशाऐवजी पोलॉक हा दुसरा मासाही विकला जातो. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून आणलेला हा मासा आज जमैकाच्या राष्ट्रीय पदार्थाचा अर्धा भाग आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काटे काढलेले तुकडे सोयीचे असले, तरी काटेवाल्या माशाची चव अधिक भरीव लागते. तो रात्रभर भिजत घालून सकाळी पाणी बदलून उकळावा आणि एक तुकडा चाखून पाहावा. खारटपणा टिकला असेल तर पुन्हा उकळावा, पण सगळा घालवू नये, कारण वरून मीठ घालायचे नसते.

कांदा, थाइमची सुगंधी पाने आणि स्कॉच बॉनेट ही तिखट मिरची तेलात परतून त्यात मासा कुस्करून घालावा आणि निथळलेली अ‍ॅकी अगदी शेवटी सोडावी. अंड्याच्या भुर्जीसारखा दिसणारा हा गर लोण्याइतका मऊ असतो, त्यामुळे डाव न फिरवता कढई नुसती हलवावी. मी आणलेल्या एका डब्यात बरेच गर आधीच मोडलेले निघाले. त्यांनी चव बिघडली नाही, पण ताटातली शोभा गेली.

सोबत मैदा, बेकिंग पावडर आणि थोडे लोणी मळून तळलेले डम्पलिंग करावेत. त्यांच्यासह एका डब्यात तिघांची पोटभर न्याहारी होते.