पोषण आहाराचं कंत्राट आणि विधिमंडळाची आयुधं: कोणतं चालतं, कोणतं नुसतं वाजतं

अंगणवाडीतून घरी जाणाऱ्या आहाराच्या पाकिटावर, म्हणजे टीएचआरवर (टेक होम रेशन), नजर ठेवायला महाराष्ट्र विधिमंडळाकडे आयुधांची कमतरता नाही. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं निवेदन मागणारी सूचना), अर्धा तास चर्चा (आधी मिळालेल्या उत्तरावरची), लोकलेखा समिती (महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासणारी), पंचायती राज समिती, महिला व बालकांच्या हक्कांची समिती, आश्वासन समिती (मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का, हे बघणारी). बचत गट, अंगणवाडी संघटना, जिल्ह्याचे पत्रकार आणि माहिती अधिकारवाले हे या सेवेचे खरे वापरकर्ते, आणि हे परीक्षण त्यांच्याच सोयीचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी अडीच. पैसा कुठे गेला हे ही यंत्रणा उशिरा का होईना शोधते. कंत्राट केवढ्या आकाराचं कापलं, हे मात्र ती वेळेवर विचारत नाही. आणि खरी मेख तिथेच असते.

आकडे पाहा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीने लहान मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवली, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम. २०१७ साली केंद्राने ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये, मातेमागे साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. वर्षाचे दिवस ३००. म्हणजे एका मुलाचे वर्षाला २,४०० रुपये, आणि त्यातच धान्य, डाळ, पाकीट, वाहतूक, तपासणी, वर नफा. इतक्या तुटपुंज्या दरात पुरवठादाराला परवडतं ते आकारमानावर, म्हणून त्याला तालुका नको असतो, विभाग हवा असतो. महिला व बालविकास खात्यालाही बिलं कमी आणि प्रयोगशाळेत पाठवायचे नमुने कमी असले की बरं वाटतं. हे कारण अगदीच खोटं नाही. शंभर बचत गटांच्या शंभर चुलींवर जीवनसत्त्वांचं प्रमाण सारखं राखणं अवघड असतं.

पण सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ लाच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं हवीत. टीएचआरच्या २०१६ च्या निविदेत राज्यातल्या ५५३ बालविकास प्रकल्पांचे (अंगणवाड्यांचा कारभार बघणाऱ्या कार्यालयांचे) ७० गट पाडले गेले. त्यावर उलाढालीच्या आणि यंत्रसामग्रीच्या अटी आल्या, आणि गावातला बचत गट अर्ज भरण्याआधीच बाद झाला. कागदावर महिला संस्थांनाच प्राधान्य होतं. हा कारभार मोडला तो सभागृहात नव्हे. बचत गट न्यायालयात गेले आणि २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. निविदा निघाल्यापासून जवळपास तीन वर्षं! तोवर कितीतरी मुलं टीएचआरच्या वयातून बाहेर पडली, कारण मुलांना घरपोच आहार मिळतो तो सहा महिने ते तीन वर्षं एवढ्याच वयाला.

आता आयुधांकडे. सर्वांत जास्त वापर तारांकित प्रश्नाचा, आणि सर्वांत जास्त वाया जाणारं आयुधही तेच. साचा ठरलेला: ‘निकृष्ट आहाराचा पुरवठा झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ उत्तरही ठरलेलं: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ पहिला उपप्रश्न पडला की बाकीचे सगळे त्याच्यासोबत पडतात. उपाय सोपा आहे. पहिल्या उपप्रश्नात आरोप ठेवायचाच नाही, नाकारता न येणारी गोष्ट ठेवायची. ‘अमुक प्रकल्पांचा एक गट करून निविदा काढली, हे खरे आहे काय, त्यातील पात्रतेची उलाढाल किती, त्या गटातील किती बचत गट ती अट पूर्ण करतात?’ इथे ‘होय’ म्हणावंच लागतं, आणि पुढचे आकडे द्यावे लागतात. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर समजायचं की धागा हाती लागला. कोणता अंश, ते अर्धा तास चर्चेत काढता येतं.

लक्षवेधीला प्रसिद्धी मोठी, पण टिकाव कमी. अंगणवाडीसाठीच्या २०१५ च्या चिक्की खरेदीच्या वादाचं उदाहरण घ्या. १३ फेब्रुवारी २०१५ या एकाच दिवशी २४ शासन निर्णय, सुमारे २०६ कोटींची खरेदी, तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा हवी असताना दरकरार, म्हणजे आधीच ठरलेल्या दराने थेट खरेदी. विरोधकांनी उचलून धरलं, आणि चर्चा बघता बघता कोण दोषी इथे जाऊन बसली. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला गुन्ह्यासारखं काही सापडलं नाही, आणि विषय मागे पडला. दरकरार मुळात का वापरावा लागला, मागणी आधीच एकत्र का केली नाही, हे प्रश्न तसेच राहिले. त्यांना फौजदारी चौकशीत जागाच नसते.

असे शासन निर्णय घरबसल्या तपासता येतात. प्रत्येकाच्या शेवटी १८ अंकी संकेतांक असतो: पहिले आठ अंक तारीख, मग वेळ, शेवटचे दोन खात्याचे. आर्थिक वर्ष संपत आलं की एकाच खात्याचे संकेतांक ओळीने लावून बघावेत. घाई लगेच दिसते.

सर्वांत वजनदार लोकलेखा समिती. महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात आला की खात्याने महिन्याभरात स्पष्टीकरणात्मक ज्ञापन द्यायचं, असे वित्त विभागाचे २००१ पासूनचे आदेश आहेत. ते पाळले जात नाहीत, हेही लेखापरीक्षा अहवालच पुन्हा पुन्हा सांगतात. साक्षीला येतात ते खात्याचे सचिव, आणि तोवर ज्यांच्या सहीने निविदा निघाली ते दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. तरी हे आयुध कमी लेखू नये. इथे फाईल मागवली जाते, भाषण नव्हे.

खात्यांची नावं आणि रचना बदलली की देखरेखीत फटी पडतात, याकडे फारसं कुणी बघत नाही. २०२१ मध्ये केंद्राने अंगणवाडी सेवा आणि पोषण अभियान ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ मध्ये एकत्र केलं. जुन्या नावाने मागितलेली आकडेवारी तुटक मिळते. आदिवासी भागातली अमृत आहार योजना आदिवासी विकास विभागाची, तरी ताट वाढलं जातं अंगणवाडीतच. प्रश्न चुकीच्या खात्याला गेला की अधिवेशन संपलंच म्हणा. म्हणून योजनेच्या नावाबरोबर लेखाशीर्षही, म्हणजे अर्थसंकल्पात त्या खर्चाला दिलेला क्रमांकही, लिहावा. पोषणाचं प्रधान शीर्ष २२३६, ते नावासारखं बदलत नाही.

विधिमंडळाच्या संकेतस्थळाला मात्र काठावर पास. प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात, पण जुन्या पीडीएफ नुसत्या स्कॅन केलेल्या, शब्द टाकून काही सापडत नाही. कार्यवाहीवर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा असतो. उद्धृत करण्याआधी तो वाचावा.

आणि गावपातळीवर सगळ्यांत उपयोगी पडते ती पंचायती राज समिती. ग्रामीण प्रकल्प जिल्हा परिषदेकडे असल्याने तिचा दौरा लागला की कार्यालयाला रंग लागतो आणि नोंदवह्या रातोरात पूर्ण होतात. दौऱ्याच्या आधीच समितीला लेखी द्यावं: पाकिटाचा बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, अंगणवाडीत पोचल्याची तारीख, साठा नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो. पोचल्याची तारीख आणि वापराची मुदत यांत किती दिवस उरले होते, एवढं एकच विचारायला सांगावं. पत्ता: विधान भवन, मुंबई ४०० ०३२, पत्राच्या लिफाफ्यावर समितीचं नाव ठळक लिहावं, नाहीतर पत्र भलत्याच टेबलावर जातं.