जड गाडीला कॅम कोणता घालावा: मूळ मापाचा, टॉर्कचा की हॉट?

कसारा घाटात गाडी तिसऱ्या गिअरला दम टाकते आणि दुसऱ्याला नुसती ओरडते. वर इगतपुरीला चहा घेताना कुणीतरी सांगतंच, "कॅमशाफ्ट बदल, मग बघ कशी पळते." पळेल की. पण कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) पळेल, हे विचारल्याशिवाय पैसे टाकू नका. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा. टॉर्कचा कॅम कमी फेऱ्यांना ओढतो, हॉट कॅम जास्त फेऱ्यांना.

हे सगळं पेट्रोलवरच्या जड गाड्यांपुरतं आहे. जुनी जीप किंवा वॅगन, वर लोखंडी हार्डटॉप, पुढे विंच, हंगामात मागे द्राक्षांच्या क्रेटचा ट्रेलर. डिझेलवाल्यांनी कॅमच्या नादी लागू नये. तिथे गव्हर्नर इंजिनला वर फिरू देत नाही, हवा किती भरायची ते टर्बो ठरवतो आणि डिझेल किती सोडायचं ते पंप. अशा इंजिनाला कॅम बदलणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आधी तुमचं इंजिन प्रत्यक्षात किती फिरतं ते काढा. 235/75 आर 15 चा टायर एका फेऱ्यात साधारण 2.3 मीटर जातो. क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) 4.88 चा आणि तिसरा गिअर 1.5 चा धरला, तर घाटात ताशी 40 ला इंजिन 2100 च्या आसपास असतं. टॉप गिअर थेट (1 चा) असेल तर मुंबई-आग्रा रस्त्यावर ताशी 80 ला 2800. म्हणजे ही गाडी बहुतेक वेळ 1500 ते 3500 च्या पट्ट्यात असते. महिंद्राने बांधलेली उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी आठवा: हरिकेन इंजिनाचा कमाल टॉर्क 2000 ला आणि खाली 5.38 चा क्राऊन-पिनियन. कॅम आणि गिअर यांचा मेळ आधी घातला, मग गाडी बांधली.

आता कॅटलॉगमधले आकडे. ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते, दोन तऱ्हांनी छापतात, एक जाहिरातीचं आणि एक 0.050 इंच लिफ्टवर मोजलेलं, म्हणजे कॅमच्या उंचवट्याने (लोबने) वर टेकलेला टॅपेट तेवढा उचलल्यावर. 260 अंश आणि 210 अंश हे एकाच कॅमचे आकडे असू शकतात, म्हणून तुलना करायची ती 0.050 वरच्या आकड्यांची.

दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या पुशरॉड इंजिनात (कॅम खाली, व्हॉल्व्ह वर, मध्ये दांडे) मूळ कॅम ढोबळमानाने 190 ते 200 अंशांचा, टॉर्कचा 200 ते 210 चा आणि हॉट 225 च्या पुढचा. ड्युरेशन 10 अंश वाढलं की ताकदीचा पट्टा अंदाजे 500 आरपीएम वर सरकतो. इंजिन लहान असेल तर तेवढेच अंश जास्त जाणवतात. कारण सरळ आहे: इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि कमी वेगात वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. वरच्या वेगात हाच उशीर फायद्याचा, कारण आत येणाऱ्या हवेला रेटा असतो. ज्या जुन्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो सात-साडेसातच आहे, त्यांत हॉट कॅम टाकला की खालचा जोर उरतच नाही. त्यात नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर. हवा इथेच पाच-सहा टक्के विरळ.

हॉट कॅमचा खरा घोटाळा गिअर टाकताना कळतो. दुसरा 2.3 चा, तिसरा 1.5 चा. दुसऱ्यात 3800 पर्यंत ताणून तिसरा टाकला की इंजिन 2500 वर येतं. हॉट कॅम 2800 च्या पुढे जागा होणार असेल, तर गाडी त्या खड्ड्यातून वर येत नाही. मागून एसटी हॉर्न मारतेय, तुम्ही परत दुसऱ्यात. जवळजवळचे पाच गिअर असते तर वेगळी गोष्ट. टॉर्क कॅम याच 2500 ला चांगला ओढतो, आणि तो बहुधा साडेचार हजारालाच संपला तरी जड गाडीत त्याच्या वर जायचंय कुणाला?

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ वाढला की आयडलिंगला व्हॅक्यूम पडतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाऊन परत खाली उतरताना, पाय काढून खालच्या गिअरला, काही जाणवणार नाही. जाणवेल ते नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबताना पेडल दगडासारखं लागेल तेव्हा. म्हणून टॉर्क कॅम घेतानाही लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन; तो कमी तेवढा दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ जास्त) 112 ते 114 अंशांचं बघा. 106-108 वाला उभ्या गाडीत छान गुरगुरतो, पण जड गाडीसाठी मी तो घेणार नाही. पीयूसीलाही आयडलवरचा सीओ आणि एचसी त्यानेच वाढतो.

मग मूळ मापाचाच नवा कॅम का नको? जुन्या कॅमचे लोब झिजले असतील तर आधी तोच घाला. झिजलेल्या कॅमची गाडी ओढत नाही, आणि मूळ माप परत मिळालं की पुष्कळांची तक्रार तिथेच संपते. टायर मोठा केला असेल तर औषध आणखी वेगळं. 31 इंची टायर घातला की ताशी 80 चे 2800 घसरून 2630 होतात. तेव्हा आधी क्राऊन-पिनियन बदला, कॅमला हात नंतर. इंजिन धडधाकट आहे, गिअरिंग बरोबर आहे आणि तरी घाटात थोडं कमी पडतं, अशा गाडीला टॉर्क कॅम. दोन कॅममध्ये मन अडलं तर लहान घ्या.

नाशिकच्या अंबड-सातपूरला चांगलं ग्राइंडिंग करणारे आहेत, पण जुनाच कॅम ग्राइंड करून लिफ्ट वाढवायची तर लोबचा मागचा गोल भाग कमी करावा लागतो. त्यात वरचा कडक थर किती उरतो ते विचारा. थर गेला की लोब लवकर खातो.

बसवताना व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मातीचा गोळा ठेवून मोजून घ्या: इनटेकला निदान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5. सपाट टॅपेट असतील तर नव्या कॅमवर जुने टॅपेट लावू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणू देत "चालतंय". पहिल्यांदा सुरू झालं की आयडलवर सोडू नका. 2000 च्या आसपास वर-खाली करत वीस मिनिटं चालवा, कारण टॅपेटला तेल पोचतं ते क्रँकने उडवलेलंच. ऑइल झिंक जास्त असलेलं, आणि त्या वीस मिनिटांनंतर ते काढून टाका.