नाशिकची वायनरी की बऱ्हाणपूर?
भुसावळचा भाचा विचारत होता, ‘मामा, सुट्टीत कुठे जाऊ?’

अंतरात बऱ्हाणपूर सरळ जिंकतं: रेल्वेने तासाभरात. नाशिकरोडला तीन-चार तास. खर्चही तसाच, वायनरीत चाखण्याचे पैसे वेगळे, आणि गाडी चालवणाऱ्याने नुसतं बघत बसायचं. जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षतोड तरी दिसते, एरवी स्टीलच्या टाक्याच.

बऱ्हाणपुरात चाखायला पाणी! १६१५ च्या कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या भुयारी व्यवस्थेत, लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरायचं. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर, पायाशी गार पाणी. जामा मशिदीत चक्क संस्कृत शिलालेख. वर मावा जिलेबी.

मित्र आणि मुक्काम असेल तर नाशिक. एकच दिवस आणि आईवडील सोबत असतील तर बऱ्हाणपूर. फक्त लिफ्ट चालू आहे का, ते आधी विचार.