डेस्कटॉप बंद पडला: घरीच उघडायचा, माणूस बोलवायचा की बर्डीला न्यायचा?

नागपुरात डेस्कटॉप बंद पडायचे दोन हंगाम. एक मे महिन्याचा, पारा 45च्या पुढे सरकला की. दुसरा मृगाच्या पहिल्या विजांचा. रात्री धडधाकट असलेलं मशीन सकाळी ढिम्म हलत नाही आणि घरात मतं पडतात. स्वतः उघडू, ओळखीच्या माणसाला बोलवू, की कॅबिनेट ऑटोत टाकून बर्डी, म्हणजे सीताबर्डीतलं कॉम्प्युटरचं दुकान, गाठू? एखादा पोरगा 'आता नवीनच घ्या' असा सल्ला हळूच पुढे करतोच. मशीन किती जुनं, हे आधी बाजूला ठेवा. बटण दाबल्यावर ते नेमकं काय करतं, त्यावरून ठरवा.

काहीच होत नसेल, म्हणजे पंखा नाही की दिवा नाही, तर आधी घरीच बघा. बरेचदा दोष कॅबिनेटच्या बाहेर असतो. यूपीएस काढून वायर थेट भिंतीतल्या पॉइंटला लावा. यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मान टाकते. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा सीपीयूला चालते, ती बदलून पाहा. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा छोटा स्विच झाडताना बंद झालेला असतो, हेही हसण्यावारी नेऊ नका.

एवढ्याने जमलं नाही तर संशय एसएमपीएसवर. प्लग काढून 24 पिनांचा कनेक्टर बोर्डावरून सोडवायचा, हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला पेपरक्लिपने जोडायची आणि मग वीज द्यायची. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निर्दोष सुटला असं नाही. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. मात्र एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. इथे काटकसर नको, नवा एसएमपीएस आणा.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, अशा वेळी अर्धा तास घरी द्या आणि मग सरळ दुकान. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डातच आहे ना, ते आधी पाहा. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि एकेक पट्टी लावून बघा. बोर्डावरचा सीआर2032 सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. एवढं करूनही अंधारच असेल तर पुढचा तपास अदलाबदलीचा असतो. चालू रॅम, चालू एसएमपीएस, चालू प्रोसेसर लावून पाहायचं. हे सगळं दुकानात हाताशी असतं. घरी येणाऱ्याच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि पेनड्राइव्ह. तो व्हिजिटचे पैसे घेईल आणि कॅबिनेट उचलून दुकानातच नेईल.

तिसऱ्या प्रकारात पारडं अगदी उलटं होतं. मशीन सुरू होतं, अर्धा-पाऊण तास चालतं आणि पटकन बंद पडतं, किंवा दुपारीच रीस्टार्ट होत राहतं. बर्डीला नेलं की एसीच्या गारव्यात, चांगल्या लाइनवर, दिवसभर ठणठणीत. संध्याकाळी ऐकायला मिळतं, "भाऊ, इथं तर मस्त चालून राहिलं!" तुम्ही परत आणता, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. रोग मशीनचा नसून खोलीचा किंवा वायरिंगचा असला की दुकानात तो सापडणार कसा? अशा वेळी घरी येणारा माणूसच हवा, आणि कधी कधी तो संगणकवाला नसून इलेक्ट्रिशियन असतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब भरत असेल, किंवा कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तपासून घ्या.

त्याआधी कुलर कुठे आहे ते पाहा. आपल्याकडे कुलरचा झोत सरळ टेबलावर असतो; दमट हवा आणि धूळ मिळून प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकवर अशी गादी बसते की हवा आरपार जातच नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो आणि तरीही तापतच राहिला तर बंद पडतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि हीटसिंक काढलाच तर त्याखालची थर्मल पेस्ट नवी लावा.

दुकानात द्यायचं ठरलं तर बिघाड डिस्कचा नाही याची खात्री असेल तेव्हा डिस्क काढून घरीच ठेवा. रॅमच्या स्टिकरचा फोटो काढा, बदललेला जुना भाग परत मागा. "बोर्ड गेला" हे ऐकून लगेच मान हलवू नका. दुसरा एसएमपीएस आणि रॅम लावूनही सुरू होत नाही, हे समोर करून दाखवायला सांगा. विंडोज 11 असेल तर डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच उतरवून घ्या, कारण बोर्ड बदलला की विंडोज ती मागू शकतं. आणि "फॉरमॅट मारून देतो" हा तर सुरूच न होणाऱ्या मशीनवरचा इलाज नव्हे.

राहिला 'नवीनच घ्या'चा प्रश्न. बोर्ड खरंच गेला असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मी त्यावर पैसे घालणार नाही. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 त्या प्रोसेसरांना, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे घेत नाही. डीडीआर3, म्हणजे जुन्या पिढीच्या रॅमचे, बोर्ड आता मिळतात ते बहुधा वापरलेले किंवा कुठल्यातरी अनोळखी नावाचे. पण कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी नव्या जोडणीत खुशाल वापरा. डीडीआर4च्या पट्ट्या चांगल्या असतील तर डीडीआर4चाच बोर्ड शोधा. 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एसएमपीएस मात्र जुना नको, निदान ज्याच्यामुळे पहिला बोर्ड गेल्याचा संशय आहे तो तरी नकोच.