बोटीची सेफ्टी किट मागवली, बाकी ठीक पण दोर आखूड (5 पैकी 3 स्टार)

मालवणजवळ देवबागला आमची 18 फुटी फायबरची होडी आहे, मागे 25 एचपीचं आउटबोर्ड इंजिन. धंद्याची नाही, रविवारी गरी टाकायला नाहीतर पाहुणे आले की संगमापर्यंत चक्कर मारायला. जून-जुलैत मासेमारी बंदी असते तेव्हा आम्हीपण होडी वर ओढून ठेवतो, त्या रिकाम्या वेळात ही किट ऑनलाइन मागवली. साडेनऊ हजार पडले. केशरी प्लास्टिकचा डबा, झाकणाला रबर, खरोखर वॉटरप्रूफ आहे, विहिरीत बुडवून बघितलं. आत चार जॅकेटं, छोटा नांगर आणि दोर, किल स्विचची लाल वायर, एक किलोचं फायर एक्स्टिंग्विशर, दोन लाल फ्लेअर (संकटात मदतीसाठी पेटवायची नळकांडी) आणि एक धुराचा, शिट्टी, मोबाईलचं पाऊच.

आधी जे आवडलं ते. किल स्विचची वायर झकास. ही गुंडाळीची वायर इंजिन चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला अडकवायची, तो पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद. आमच्याकडे ती कायम इंजिनलाच लटकलेली असते, शोभेला. पण चालवणारा पडला आणि बोट तशीच चालू राहिली तर ती गोल फिरून इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यासकट त्याच्याच अंगावर येते, हे एकदा डोक्यात शिरलं की वायर आपोआप बांधली जाते. मी मुद्दाम झटका देऊन बघितलं, इंजिन लगेच थांबलं.

जॅकेटं मोठ्यांसाठी बरी आहेत, पट्टे मजबूत, किती वजनाला चालेल ते आत छापलंय. लहान मुलांचं एकपण नाही. भाचीला (वय 7) घातलं आणि खांद्याला धरून वर उचललं तर जॅकेट थेट कानापर्यंत आलं, पाण्यात तर सटकूनच गेलं असतं. एक्स्टिंग्विशर पावडरवालं, काटा हिरव्यात, पण एक किलो म्हणजे जेमतेम आठ-दहा सेकंद, त्यामुळे नेम आगीच्या बुडाशीच धरायला हवा. डब्यात पेट्रोलच्या टाकीशेजारी ठेवू नका, आग तिथेच लागली तर हात कुठे घालणार? मी ते चालवणाऱ्याच्या सीटजवळ लावलं.

आता मेन तक्रार. नोव्हेंबरात मी, चुलतभाऊ आणि शेजारचे तात्या असे बाहेर निघालो होतो, ओहोटी जोरात, खाडीच्या मुखाजवळ आलो आणि पंख्यात जाळ्याचा तुकडा गुरफटला. खाडकन इंजिन बंद. समोर बारवर, म्हणजे मुखावरच्या उथळ वाळूच्या पट्ट्यावर, लाटा फुटतायत आणि पाणी आम्हाला सरळ तिकडेच नेतंय. मी येड्यासारखा दोरी ओढून परत परत स्टार्ट मारतोय, तेवढ्यात तात्या ओरडले, "आदी नांगर टाक रे, मगे इंजिन बघ!" भाऊ घाईत नांगर मागच्या बाजूला बांधायला लागला, तात्यांनी त्याचा हातच धरला. मागून बांधला की बोटीची पाठ प्रवाहाला लागते, मागची कड बुटकी, पाणी सरळ आत. नांगर नेहमी पुढून, नाळेवरून.

किटमधला नांगर छत्रीसारखा मिटणारा, चार पाकळ्यांचा, दीड किलोचा आणि दोर 10 मीटर. पाणी दोन-अडीच वाव, म्हणजे चार-साडेचार मीटर. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा लागतो, वारा असेल तर सातपट, नाहीतर ओढ आडवी न बसता वरच्या दिशेने बसते आणि नांगर वाळूत रुतायच्या ऐवजी घासत जातो. तसाच गेला, दोर ताणला की हाताला घरघर जाणवत होती. शेवटी किनाऱ्याला बोट बांधायचा आमचा जाडा दोर त्याला जोडला, 15 मीटर तरी होता, तेव्हा कुठे होडी थांबली. मग किल स्विचची क्लिप काढून इंजिन वर उचललं आणि तात्यांच्या मासे कापायच्या सुरीने जाळं तोडलं. साडेनऊ हजारांच्या डब्यात सुरी नाही!

फ्लेअरचं पण सांगतो. साधारण तीन वर्षं चालतात, मला आले ते सात महिन्यांत एक्सपायर होणारे. त्या दिवशी पेटवायची वेळ आली नाही ते एक बरं, लाल फ्लेअर हातात एकच मिनिट जळतो त्यामुळे दुसरी बोट दिसल्याशिवाय पेटवू नका, आणि धरायचा तर वारा जातो त्या बाजूला, हात पाण्यावर बाहेर काढून, निखारे पडतात. शिट्टीत गोटी आहे, ओली झाली की अडकते. पाऊचमधून फोन ओल्या बोटाने चालत नाही, म्हणून झाकणाच्या आत कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 मार्करने लिहून ठेवलेत, कोरड्या हाताचा जो असेल तो लावेल.

विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, साहेब दोर वाढवून पाहिजे तर आमच्याकडे मीटरवर मिळतो. 30 मीटर घेतला, पण मालवणच्या बाजारातून, सोबत एक सुरी आणि भाचीच्या मापाचं जॅकेट.